स्मॉकिंगचा फ्रॉक: माप टाक्यांच्या आधी ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधे फ्रॉक तुम्ही व्यवस्थित शिवता, स्मॉकिंगचे, म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्यांच्या माथ्यांवर भरायचे टाकेही हातात बसले आहेत. पण ३ वर्षांच्या भाचीसाठी योकचा (खांद्यापासून छातीपर्यंत सपाट तुकडा असलेला) फ्रॉक करायला घेतला तेव्हा छातीवरची पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, योकपेक्षा ४-५ सें.मी. अरुंद निघाली आणि खालचा घेर मोकळा पडलाच नाही. चुण्या घालायचं मशीन घेतलं तर हे सुटेल का, असंही तुम्ही विचारलं आहे.

मशीनने हे सुटणार नाही. मशीन घ्यावं का, ते शेवटी सांगते. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही स्मॉकिंगकडे नक्षी म्हणून पाहता आहात, आणि ते आहे फ्रॉकची बांधणी. इंग्लंडमधले शेतमजूर १८व्या-१९व्या शतकात जे घोळदार सदरे घालत, त्यांवर हे काम छातीला, पाठीला आणि मनगटाला असायचं. भरपूर कापड अंगाबरोबर आवळायचं, पण हात हलवला की ते ताणलं गेलं पाहिजे, ही गरज होती आणि इलॅस्टिक तेव्हा अशा कपड्यांत वापरात नव्हतं. १८८४ मध्ये लंडनच्या लिबर्टी या दुकानाने पोशाखांचा विभाग काढला, तिथल्या कपड्यांमधून हे काम हौशी पोशाखांत आलं आणि मुलांच्या कपड्यांत तर कायमचं राहिलं. राहण्याचं कारणही तेच: वाढत्या अंगाबरोबर छातीवरचा भाग सैल होत जातो. जी पट्टी ताणली जात नाही, ती कितीही सुबक दिसली तरी तिचं काम तिने केलेलं नाही.

म्हणून आधी कापड. लॉन आणि कॅम्ब्रिक ही तलम सुती कापडं, बारीक सुताचं हलकं पॉपलिन, मऊ मलमल यांवर चुणी गोल आणि उभी राहते. कडक खळ असलेलं पॉपलिन किंवा जाड सुती कापड घेतलं की चुणी रुंद आणि बोजड होते, तिच्यावर टाका कितीही हलका घातला तरी पट्टी ताठच होणार. ताणलं जाणारं होजिअरीचं कापड नको. कापड आणायचं, आधी धुवायचं, इस्त्री करायची आणि आडवा धागा ओढून कडा सरळ करून घ्यायची. यात आळस करू नका. आडवा धागा १ सें.मी.ने जरी तिरका असला तरी चुण्या योकपासून खाली सरळ न पडता एका अंगाला वळतात, आणि ते नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. काठाची घट्ट विणलेली पट्टी कापून टाका, ती चुण्यांत घेऊ नका.

किती कापड घ्यायचं याचं साधं गणित म्हणजे तयार रुंदीच्या तिप्पट. लॉनसारख्या तलम कापडाला साडेतीन पटही चालतं, जरा जाड कापडाला अडीच पट पुरतं. ३ वर्षांच्या मुलीची छाती साधारण ५५ सें.मी. धरली तर पुढच्या योकची खालची कड २६ सें.मी.च्या आसपास येईल. त्याची तिप्पट ७८ सें.मी., आणि दोन्ही बाजूंना मुंढ्याखाली (बाही जोडायच्या गोलाईखाली) व शिलाईत जाणारं सपाट कापड मिळून ९० सें.मी. हा फक्त अंदाज आहे, हे लक्षात ठेवा. चुण्यांच्या खुणा कापडावर उमटवायचा एकच ठिपक्यांचा कागद वापरून दोन वेगळ्या कापडांवर केलेल्या पट्ट्या कधीच सारख्या रुंदीच्या येत नाहीत. त्यासाठी त्याच कापडाचा ३० सें.मी.चा तुकडा घ्या, सहा ओळी चुण्या घाला, जे टाके फ्रॉकवर घालणार आहात तेच तीन-चार ओळींत घाला, चुण्यांचे धागे काढा, वाफ द्या, वाळू द्या आणि मग मोजा. ३० सें.मी.चे १० झाले तर तुमचा हात तिपटीचा, ८ झाले तर पावणेचार पटीचा. पट्टी अरुंद निघते ती बहुतेक वेळा इथे: हात घट्ट असतो आणि कापड मात्र पुस्तकी तिपटीने घेतलेलं असतं.

चुण्या हाताने घालत असाल तर ठिपके कापडाच्या उलट्या बाजूला उमटवायचे. दोन ठिपक्यांमध्ये ६ मि.मी. आणि दोन ओळींमध्ये ९ ते १० मि.मी. हे अंतर लहान मुलींच्या फ्रॉकला योग्य. ७८ सें.मी.मध्ये अशा १३० चुण्या येतात आणि तयार पट्टीत प्रत्येक चुणीला २ मि.मी. मिळतात. धावदोरा घालताना प्रत्येक ठिपक्यावर कापडाचे दोन-तीनच धागे उचला. वरच्या ओळीत ठिपक्याच्या डावीकडे आणि खालच्या ओळीत उजवीकडे उचललं तर चुणी मध्येच पिळली जाते. प्रत्येक ओळीला स्वतंत्र दोरा, तोही कापडाच्या रंगापेक्षा वेगळा आणि मजबूत. एका टोकाला गाठ, दुसरं टोक मोकळं. नक्षीच्या ओळींपेक्षा दोन ओळी जास्त घालायच्या, एक वर आणि एक खाली. या दोन ओळींवर नक्षी करायची नसते. वरची ओळ योक जोडताना चुण्या धरून ठेवते, खालची शेवटच्या टाक्यांना आधार देते. आता सगळे दोरे एकदम, हळूहळू ओढा आणि पट्टी हव्या त्या रुंदीपेक्षा २ सें.मी. अरुंद करून दोन-दोन दोरे एकत्र बांधा. दोरे निघाले की ती तेवढी सैलावते. बांधण्याआधी पट्टी वरून-खालून धरून दोन-चार वेळा जोरात उभी ताणा, चुण्या रांगेत बसतात.

शिलाई मशीनवर लांब टीप मारून ओढलेल्या चुण्यांवर हे काम होत नाही. त्या चुण्या दिसायला बारीक, पण खोली सारखी नसते आणि माथा एका रेषेत येत नाही. बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा भरून मारलेल्या ओळी हा तर वेगळाच प्रकार आहे. घरच्या झबल्याला तो चांगला, पण त्यातलं रबर धुऊन-धुऊन सैल पडतं. हाताच्या स्मॉकिंगमध्ये ताण देतात ते टाके आणि चुण्या, त्यात झिजणारं काही नाही.

चौकडीच्या कापडावर ठिपके उमटवायची गरज नाही, चौकटीच मोजून उचलता येतात. फक्त दोन गोष्टी पाहा. चौकडी विणलेली असावी, छापलेली नको, कारण छापील चौकडी धाग्याशी समांतर असेलच असं नाही. आणि सुई कोणत्या रंगावर उचलता त्याचा विचार करा: पांढऱ्या पट्ट्यांवर उचललं की पांढरं खाचेत जातं आणि माथ्यावर गडद रंग येतो, छाती एकदम गडद दिसते. उलट केलं तर फिकी दिसते. गडद चौकडीवर पांढरं माथ्याला आणून त्यावर गडद दोऱ्याने केलेलं काम मला फार आवडतं.

आता ताठपणा. चुणीचा माथा आणि दोन चुण्यांमधली खाच, यांतलं अंतर मनाने तीन भागांत वाटा. सुई फक्त वरच्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. नवशिक्या हातांना भीती वाटते की इतक्या वरून घेतलं तर टाका धरणार नाही, म्हणून सुई खोल घालतात. खोल टाक्याने चुण्या मुळापासून शिवल्या जातात, त्यांना उघडायला जागाच राहत नाही. शिवाय खालचा धावदोरा सुईत अडकतो आणि शेवटी तो निघत नाही. माझ्याकडे दाखवायला आलेल्या ताठ पट्ट्या उलट्या करून पाहिल्या की मागच्या बाजूला रंगीत दोरा जागोजागी दिसतो. तुमचीही पट्टी उलटून पाहा. मागे भरतकामाचा दोरा जवळजवळ दिसायला नको, फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाठी दिसाव्यात.

दोरा नेहमीचा सहा पदरी सुती भरतकामाचा. त्यातले तीन पदर घ्या, तलम लॉनवर दोन. पदर एकेक करून वेगळे काढा आणि मग पुन्हा एकत्र जुळवा, नाहीतर ते पिळलेले राहतात आणि टाका भरीव दिसत नाही. लांबी ५० सें.मी.पेक्षा जास्त नको, कारण चुण्यांमधून जाताना दोरा झिजतो आणि त्याची चमक जाते. सुई ७ किंवा ८ नंबरची भरतकामाची. लाल, मरून, गडद निळा असे रंग वापरणार असाल तर दोरा आधी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंगांची निवडही लडी सपाट कापडावर ठेवून करू नका. चुण्यांच्या सावलीत प्रत्येक रंग एक छटा गडद दिसतो, म्हणून नमुन्याच्या तुकड्यावरच निवडा.

सुई नेहमी उजवीकडून डावीकडे, आडवी, धावदोऱ्याला समांतर. काम मात्र डावीकडून उजवीकडे सरकतं. डावखुऱ्यांनी दोन्ही दिशा उलट कराव्यात. एका टाक्याला एकच नवी चुणी. नक्षी वर चढत असेल तेव्हा दोरा सुईच्या खाली ठेवायचा, खाली उतरत असेल तेव्हा सुईच्या वर. शिखरावरचा वळणाचा टाका दोरा वर ठेवून, तळातला दोरा खाली ठेवून. सगळी लाट (नागमोडी ओळ) आणि सगळी ट्रेलिस (पायऱ्यापायऱ्यांनी चढत-उतरत जाणारी ओळ) या एका नियमावर चालते, आणि टाका कुठे बिघडला हे शोधायलाही हाच नियम लावायचा. टाका ओढताना दोरा चुणीवर टेकेल इतकाच ओढा. वीसेक टाके झाले की दोन्ही अंगठ्यांनी पट्टी फाकवून पाहा. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना चुणी फुगून वर आली असेल तर हात घट्ट आहे.

मग येतो टाक्यांचा क्रम, आणि घेर न पडण्याचं कारण इथे असतं. प्रत्येक टाक्याची लवचीकता वेगळी. दोरा सतत एकाच बाजूला ठेवून घातलेला आउटलाइन सगळ्यात घट्ट. दोरा एकदा सुईच्या वर, एकदा खाली ठेवून घातलेला केबल त्याच्यापेक्षा थोडा मोकळा. लाट आणि ट्रेलिस चांगले ताणले जातात, आणि हनीकोंब (दोन-दोन चुण्या आळीपाळीने जोडून होणारी मधाच्या पोळ्यासारखी नक्षी) सगळ्यात जास्त. फ्रॉकला वरून खाली याच क्रमाने जायचं: योकजवळची पहिली ओळ आउटलाइन किंवा केबल, म्हणजे रुंदी तिथे ठाम राहते, मधल्या ओळींत लाटा, समोरासमोर जोडून चौकोन, आणि शेवटी खाली लोंबणारी ट्रेलिसची टोकं. या टोकांच्या मधल्या चुण्या आपोआप सुटत जातात आणि घेर तिथून फुलतो. तुम्ही लिहिलं आहे की शेवटी पुन्हा केबलच्या दोन ओळी घालून काम बंद केलं. तळाला पट्टा बांधल्यावर घेर पडणार कसा? त्या दोन ओळी जपून उसवा आणि त्या जागी ट्रेलिस घाला. चुण्यांचे दोरे काढले नसतील तर हे अजून जमेल.

नक्षी दोन्ही बाजूंना सारखी संपावी यासाठी मधली खाच शोधून तिथे रंगीत दोऱ्याची खूण करा. खाचेच्या डावीकडच्या चुणीतून दोरा वर काढून पहिला टाका उजवीकडच्या चुणीवर घ्या आणि उजव्या टोकापर्यंत जा. मग पट्टी उलटी फिरवा, म्हणजे योककडची बाजू तुमच्याकडे, आणि त्याच सुरुवातीच्या चुणीपासून दुसरं अर्धं भरा. फिरवल्यावर नक्षीतलं वर आणि खाली बदलतं, तेवढं सांभाळा. तीन पायऱ्यांच्या ट्रेलिसला एका आवर्तनात आठ चुण्या लागतात: तळाचा टाका, तीन चढते, शिखराचा टाका, तीन उतरते. तुमच्या १३० चुण्यांत अशी सोळा आवर्तनं बसतात आणि उरलेल्या दोन चुण्या शिलाईत जातात.

दोन नक्षींच्या ओळींमध्ये एका ओळीहून जास्त जागा मोकळी ठेवली असेल, तर तिथल्या चुण्या फाकतात. तिथे उलट्या बाजूने, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याच्या दोन पदरांनी, केबलची सैल ओळ घाला. सुलट बाजूने ती दिसत नाही. बदकं, ससे, फुगे अशी चित्रं भरायची असतील तर हा मागचा आधार अनिवार्य आहे. चित्रं केबलच्या एकावर एक रचलेल्या ओळींनी होतात, चार पदरांनी, आणि तो भाग मुळीच ताणला जात नाही. त्यामुळे पूर्ण छातीभर चित्र मला पटत नाही. भूमितीची नक्षी मोठी आणि मध्ये एखादंच लहान चित्र, हे मुलीच्या अंगाला सुखाचं.

भरतकाम झालं की लगेच शिवायला घेऊ नका. वरचा आणि खालचा दोरा ठेवून बाकीचे चुण्यांचे दोरे काढा. इस्त्रीच्या पाटावर योकच्या मापाचा कागद ठेवा, पट्टी त्यावर पसरून गंज न लागणाऱ्या टाचण्यांनी कडा पक्क्या करा, आणि वाफेची इस्त्री २-३ सें.मी. वर धरून वाफ द्या. इस्त्री टेकवायची नाही; एकदा चपटी झालेली चुणी पुन्हा गोल होत नाही. पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नका. तुमची पट्टी ४-५ सें.मी. कमी पडते आहे, त्यातले २-३ सें.मी. तरी इथे मिळतील, टाके फार घट्ट नसतील तर.

मुंढा कापायचा तो यानंतर, आधी नाही. वाफ दिलेल्या पट्टीवर मुंढ्याचा आकार आखा, आखलेल्या रेषेच्या किंचित आत बारीक टीप मारा आणि मगच कात्री लावा. टीप न मारता कापलं तर कापलेल्या प्रत्येक दोऱ्यापासून टाके सुटत जातात. शिलाईत जाणाऱ्या चुण्यांचे दोरे काढून त्या सपाट करा, म्हणजे काखेत गोळा होणार नाही.

योक आणि पट्टीच्या मध्ये बारीक पायपिन घाला. उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीत बारीक दोरी भरून केलेली पायपिन सरळ रेषा दाखवते आणि नजर चुण्यांवर आणते. पायपिन आधी योकला शिवा. नंतर योक आणि पट्टी सुलट बाजूंनी समोरासमोर ठेवून हाताने कच्चा टाका घाला, चुण्यांची बाजू वर ठेवून टीप मारा. प्रत्येक चुणी पायपिनला काटकोनात आहे ना हे बोटाने पाहत जा, कारण मशीनचा पाय वरचं कापड पुढे ढकलतो आणि चुण्या कलतात. टीप वरच्या, नक्षी नसलेल्या जादा ओळीच्या लगत यावी, म्हणजे नक्षीची पहिली ओळ पायपिनखाली २-३ मि.मी.वर राहते. योकचं अस्तर आतून हेमच्या टाक्याने हाताने बसवा.

बाकीचं शिवणकाम तुम्हाला येतंच. एवढंच सांगते: बाजूंना फ्रेंच शिलाई (कापडाच्या कडा आत झाकून टाकणारी दुहेरी शिलाई) करा, आत काहीच टोचायला नको. मागची बटणपट्टी योकपुरती ठेवू नका, खाली घेरातही थोडी उतरू द्या. या वयात डोक्याचा घेर ४९-५० सें.मी. असतो आणि गळा त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. खालची दुमड ८ ते १० सें.मी. घ्या. छाती ताणली जाते, त्यामुळे हा फ्रॉक आधी लांबीला कमी पडतो आणि दुमड सोडली की आणखी वर्षभर चालतो. गळ्याभोवती ओढून बांधायचा दोरा कधीही घालू नका, लहान मुलांना तो धोक्याचा.

बिशप फ्रॉक, म्हणजे योक नसलेला, गळ्यापासूनच चुण्या सुटणारा, तुम्ही दुसऱ्या खेपेला करा. त्यात पुढचा भाग, बाह्या आणि पाठीचे दोन भाग तिरक्या शिलाईने आधी जोडायचे असतात आणि मग सगळ्यांतून एकत्र चुण्या घालायच्या. गळ्याजवळ घट्ट टाके आणि खांद्याकडे जाताना मोकळे, हा क्रम तिथे अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो, आणि वाफ देताना पट्टी गोलाकार पसरावी लागते. सरळ पट्टीवर हात बसला की ते सहज जमेल.

आणि मशीन. १६, २४ किंवा ३२ सुयांची, हाताने फिरवायची ही मशीनं चुण्या अगदी एकसारख्या घालतात आणि हाताचं काम वाचवतात. सुयांमध्ये सुमारे साडेनऊ मि.मी. अंतर असतं आणि बहुतेकांत अर्ध्या अंतरावरही सुई लावता येते. पण कापड दांडीवर सरळ गुंडाळलं नाही तर मशीन तिरक्या चुण्याही तितक्याच एकसारख्या घालतं, आणि जाड शिलाईवरून जाताना सुया मोडतात. वर्षाला एखादा फ्रॉक करणार असाल तर ठिपक्यांचा कागद पुरे. भाचीमागून आणखी फ्रॉक होणार असतील, विशेषतः बिशप, तर घ्या, आणि २४ सुयांचं घ्या. १६ सुयांत लहान बाळाचं काम होतं, पण ३ वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला अर्ध्या ओळी धरून नक्षी करायची झाली की त्या कमी पडतात.